परत आलेला विद्यार्थी : बाबासाहेब, रमाई आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण



आपल्या गटांच्या बैठकीत कुणाची मुलगी पुण्याला नर्सिंगला गेली, कुणाचा मुलगा परदेशी शिकायला गेला, अशी बातमी आली की आपण टाळ्या वाजवतो, पेढे वाटतो. जाणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. पण गेलेलं लेकरू मध्येच परत आलं, पैसे संपले म्हणून आलं, शिक्षण अर्धं राहिलं म्हणून आलं, तर त्याच्याशी कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आजची गोष्ट अशाच एका परत आलेल्या विद्यार्थ्याची आहे. त्यांचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांची जयंती आपण दरवर्षी करतो. पण 1917 ते 1920 ही त्यांच्या आयुष्यातली तीन वर्षं भाषणांत फारशी येत नाहीत. आज त्याच वर्षांबद्दल बोलू.

या गोष्टीचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म 1863 साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. ते दत्तक गेले आणि बडोद्याच्या गादीवर बसले. या कवळाण्याच्या मुलाने पुढे शिष्यवृत्ती दिली, म्हणून 1913 च्या जुलैमध्ये भीमराव अमेरिकेला जाऊ शकले. करार असा होता की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

जाताना घरची परिस्थिती काय होती ते बघा. वडील रामजी त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला वारले होते. घरात पत्नी रमाबाई आणि सात-आठ महिन्यांचा यशवंत. घर चालवायला हक्काची मिळकत नाही. अशा घरातून माणूस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे 1915 साली एम.ए. झाला. 1916 मध्ये लंडनला गेला. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन अभ्यास एकदम सुरू केले. आणि वर्ष पुरं होतं न होतं तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत या, असा निरोप आला.

मैत्रिणींनो, अभ्यास पुरा झालेला नव्हता. मग भीमरावांनी एक काम केलं. लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन हाच अभ्यास पुढे चालू करता येईल. हा कागद लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या कागदाभोवती फिरते.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. समुद्रात जहाजं बुडवली जात होती. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं. पोटाला चिमटा काढून घेतलेली ती पुस्तकं. ती बोट पाणतीराच्या माऱ्यात बुडाली आणि पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. 21 ऑगस्ट 1917 ला भीमराव मुंबईला उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही घरात दिले आणि उरलेल्यातून बडोद्याचं तिकीट काढलं. म्हणजे पुस्तकं बुडाली, तेव्हा कुठे नोकरीवर रुजू व्हायला गाडीभाडं आलं!

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. त्यात एक गोष्ट फार मनाला लागते. ते म्हणतात की परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच पहिला प्रश्न पडला, राहायचं कुठे? हिंदू खानावळीत घेणार नाहीत. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून खोली घेतली. वर एकट्याची खोली, बोलायला माणूस नाही, पुस्तकांत डोकं घालून दिवस ढकलायचे. कचेरीत हुद्दा मोठा, महाराजांचे लष्करी सचिव. पण शिपाई फायली हातात न देता टेबलावर लांबून टाकायचे. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली डझनभर पारशी माणसं जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असं सांगून गेली.

ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. कोलंबियाचा पदवीधर माणूस बडोद्याच्या बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

परदेशातून परत येणाऱ्याला इथलं ऊन, इथली धूळ, इथलं खाणंपिणं पुन्हा अंगवळणी पाडावं लागतं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण भीमरावांना पुन्हा अंगवळणी पाडून घ्यायला सांगितला जात होता तो अपमान. आणि त्यांनी तो अंगवळणी पाडून घेतला नाही. या तीन वर्षांत त्यांनी हेच केलं. गरिबी सोसली, काम मिळेल ते केलं, पण आपण कमी आहोत हे मान्य केलं नाही.

मुंबईत परळच्या चाळीत त्यांचा संसार होता. दोन लहान खोल्या. त्यात रमाबाई, मुलं, भावजय, पुतण्या. पोटासाठी त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला द्यायचं काम सुरू केलं. ते बरं चालू लागलं, पण सल्ला देणारा कोण जातीचा आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी लागली. पगार महिना साडेचारशे रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटलं, हा आम्हाला काय शिकवणार! थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. तरीही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी तक्रार केलीच.

आता आपल्या बचत गटाच्या बायांना कळेल असं सांगते. साडेचारशे रुपये त्या काळी मोठी रक्कम होती. एवढा पगार आल्यावर कुणीही म्हणालं असतं की आता चांगली खोली घेऊ, अंगावर दागिना करू. तसं झालं नाही. भीमरावांनी घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात द्यायची आणि बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला टाकायचे. त्याच दोन खोल्या, तोच संसार. लंडनच्या कागदावरची चार वर्षांची मुदत एकेक महिना करत कमी होत होती. शिल्लक टाकायचं हे काम एकट्याचं नसतं, मैत्रिणींनो. आपण सगळ्या जाणतो. नवरा म्हणतो बाजूला टाकू, पण डब्यातलं पीठ महिनाअखेरपर्यंत पुरवते ती बाई. त्या लंडनच्या शिक्षणात रमाबाईंची बचत आहे. तिची पावती कुठल्या विद्यापीठाने दिलेली नाही.

1920 च्या जानेवारीत त्यांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केलं. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. तिथे शाहू महाराजांनी, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. एवढा मान मिळाल्यावर शिक्षण राहिलं तर राहिलं, असं म्हणायला वाव होता. पण त्यांनी नोकरी सोडली. जवळची शिल्लक, शाहू महाराजांची दीड हजार रुपयांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज, असे पैसे जमवून जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मुदत संपायला वर्षभर उरलं होतं. बघा, बडोद्याला काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि कर्ज देणारा मित्रही पारशीच होता. माणसं जातीने ओळखू नयेत, याचं हे उदाहरण त्यांच्याच आयुष्यात आहे.

लंडनमध्ये दिवसभर ग्रंथालयात बसायचं आणि रात्री खोलीवर भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, असे ते दिवस होते. आपल्या गटांतल्या पापड लाटणाऱ्या बायांनी हे ऐकून ठेवावं. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली, पुढे बॅरिस्टरीही झाली. डॉक्टरेटचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले. एप्रिल 1923 मध्ये ते दुसऱ्यांदा परत आले, आणि या वेळीही एक काम अर्धं होतं. त्यांनी प्रबंध मुंबईत बसून दुरुस्त केला, इथूनच लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. विद्यार्थी घरी परत आला म्हणजे त्याचा अभ्यास संपला असं नसतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

या शिक्षणाची किंमतही सांगायला हवी. रमाबाईंना पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. एकटा यशवंत वाचला. 27 मे 1935 ला रमाबाई गेल्या. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला आपल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याआधी 2 मार्च 1930 ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते आणि बायाही मोठ्या संख्येने उतरल्या होत्या. बडोद्याच्या बागेत बसलेला तो तरुण तेरा वर्षांनी गोदाकाठच्या देवळाच्या दारात हजारो माणसं घेऊन उभा राहिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. दुसऱ्यांदा परत आल्यावर 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि 1925 च्या सुरुवातीला सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडलं. ज्याला स्वतःला राहायला खोली मिळाली नाही, त्याने विद्यार्थ्यांसाठी आधी खोलीची सोय केली.

मैत्रिणींनो, आमच्या भागात करोनाच्या वर्षी बाहेर शिकणाऱ्या मुली घरी आल्या. काही परत गेल्या, काही राहिल्या. राहिलेल्यांपैकी कुणाचं डोकं कमी नव्हतं. घरी आल्यावर त्यांच्या हातात झाडू आला, मग द्राक्षाची छाटणी आली, मग स्थळ आलं. "परत कधी जायचं?" हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. गटाचं कर्जही आपण पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला देतो. दुसऱ्या वर्षाची फी आणि परतीचं भाडं कुणी धरत नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या बैठकीत शैक्षणिक कर्जाची वही उघडाल तेव्हा त्यात दोन रकाने वाढवा. एकात लिहा, लेक घरी आली तर तिचा प्रवेश किती दिवस टिकतो, आणि त्याचा कागद घेतला आहे का. दुसऱ्यात लिहा, परत पाठवायला किती पैसे लागतील आणि ते कुठून येतील. आणि लेक घरी असेल त्या दिवसांत तिला रोज दोन तास बसायला एक कोपरा द्या, आणि त्या दोन तासांत तिला हाक मारू नका. परळच्या दोन खोल्यांत भरल्या घराने तेवढी जागा काढली होती. आपल्या घरात ती निघेल.

जय भीम, जय सावित्री.