टेकडीवरची वाट कुणाच्या बापाची?

बीडच्या पूर्वेला मान वर करून बघितलं की खंडोबाच्या दोन दीपमाळा दिसतात. अष्टकोनी, सत्तर फूट उंच. बांधल्या कुणी, यावर दोन मतं आहेत. कुणी सुलतानजी निंबाळकरांचं नाव घेतं, कुणी महादजी शिंद्यांचं. वाद चालू द्या. मला रस आहे तो दीपमाळेपर्यंत जाणाऱ्या वाटेत. ही वाट कुणी पाडली?

उत्तर सोपंय. चालणाऱ्यांनी पाडली.

आपल्या जिल्ह्यात टेकडी चढायला कायम काहीतरी निमित्त लागलं. नवरात्रात खंडेश्वरीला पहाटे अनवाणी निघालेल्या बायाबापड्या, शहेंशाहवलींच्या उरुसाला टेकडीकडे लागलेली रीघ, कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या कपिलधारला बालाघाटाच्या दरीत उतरणाऱ्या दिंड्या. आषाढी जवळ आली की मुक्ताबाईंची पालखी बीडमधून जाते आणि शेगावची गजानन महाराजांची परळी, आंबाजोगाईवरून. आंबाजोगाईत तर आद्यकवी मुकुंदराजांची समाधीच डोंगराच्या कुशीत. दर्शनाला जाणारा आणि सकाळी पाय मोकळे करायला जाणारा, दोघंही एकाच वाटेनं जातात.

याला कुणी 'ग्रुप वॉक' म्हणलं नाही. पण होतं तेच. माणसं मिळून चालायची, म्हणून वाट राहायची. आणि वर देव किंवा पीर बसलेला, म्हणून टेकडीला हात लावायची कुणाची छाती व्हायची नाही. बीड जिल्हा राज्यातल्या सगळ्यात कमी जंगलाच्या जिल्ह्यांत मोडतो. तरी शहराभोवती जे चार डोंगर उघडे का होईना शिल्लक आहेत, त्यात या श्रद्धेचा वाटा मोठा आहे.

आता अडचण अशी की निमित्त वर्षातून एकदा येतं आणि जेसीबी रोज येतो.

वीस वर्षं या गावात बातमीदारी करतोय. टेकडी कशी जाते ते पाहिलंय. आधी पायथ्याचा मुरूम जातो. मग सपाट झालेल्या जागेवर चुन्याच्या रेघा पडतात. मग पत्र्याचं कंपाऊंड येतं आणि एक दिवस पाऊलवाटेवर गेट लागतं. बातमी गेटाची होते, पण तोवर उशीर झालेला असतो. मधल्या काळात कुणी ओरडत नाही, कारण तिथून रोज जाणारं कुणी उरलेलंच नसतं.

पुण्यात काय झालं बघा. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचं महापालिकेनं ठरवलं. 15 एप्रिल 2023 ला हजारो पुणेकर टेकडीसाठी पायी रस्त्यावर उतरले. तज्ज्ञांचे अहवाल होते, कोर्टकचेरी होती, सगळं होतं. पण ही गर्दी आली कुठून? रोज पहाटे टेकडीवर जाणाऱ्या माणसांतून. ज्याचे पाय रोज तिथं पडतात त्याला टेकडी आपली वाटते. त्याच पुण्यात समाविष्ट 23 गावांच्या टेकड्यांवरचं 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण 2015 ला सरकारनं कायम ठेवलं. तेही वर्षानुवर्षं लोकांनी पाठ धरल्यावर.

इंग्लंडातली गोष्ट याहून जुनी आहे. मँचेस्टर, शेफिल्डचे गिरणी-कारखान्यांतले कामगार रविवारी डोंगरात जायचे, पण डोंगर जमीनदारांचे, शिकारीसाठी राखलेले. 24 एप्रिल 1932 ला बेनी रॉथमन नावाच्या विशीतल्या पोरानं काहीशे जणांना घेऊन किंडर स्काउट या डोंगरावर चढाई केली. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पण 1949 ला तिथं राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा आला आणि 1951 ला तोच भाग देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. त्या कायद्यानं पायवाटांची कागदावर नोंद करणं बंधनकारक केलं, हे आपल्या कामाचं.

कारण वाट नुसती पायाखाली असून भागत नाही, कागदावरही लागते. आपल्याकडं ती सोय आहे. गावनकाशा काढून बघा. पायमार्ग एका तुटक रेघेनं दाखवलेला असतो, रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेनं, साडेसोळा ते एकवीस फूट. शेतकऱ्याला हे पाठ असतं, कारण रस्ता अडवला की त्याला तहसीलला मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज टाकावा लागतो. शहरातल्या माणसानं मात्र हा नकाशा कधी उघडलेला नसतो. टेकडीवर फिरायला जाणाऱ्याला त्या कायद्याचा तसाच आधार मिळेल असं नाही. पण नकाशावर तुटक रेघ असेल तर "इथं वाट नव्हतीच" असं कुणाला म्हणता येत नाही.

बीडमध्ये सुरुवात झालेली आहे. पालवणच्या उजाड डोंगरावर, वन विभागाच्या जागेत सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं झाडं लावली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं वृक्षसंमेलन झालं, अध्यक्ष म्हणून वडाचं झाड! पुढं तिथं वणवाही लागला. लावलेली झाडं जगवायची तर तिथं माणसांची ये-जा पाहिजे. वणवा आधी कुणाला दिसतो? फिरायला आलेल्याला.

आणि हा नुसता हवा खायचा विषय नाही. 1989 ला बिंदुसरेनं शहरात काय केलं ते जुन्या माणसांना विचारा. उघड्या, कापलेल्या डोंगरावर पाणी थांबत नाही, थेट खाली येतं. दुसरीकडं खजाना विहीर बघा. जमिनीत मुरलेल्या पाण्यावर ती साडेचारशे वर्षं उभी आहे. डोंगर टिकला तर पाणी मुरणार.

मंडळी, सांगायचं एवढंच. देवाच्या निमित्तानं वर्षातून एकदा चढतो तेच डोंगर महिन्यातून दोन रविवार बिनानिमित्त चढू. दहा जण असले तरी चालतील, पण बाया, पोरं, म्हातारी माणसं सोबत पाहिजेत. खंडोबाचे, उरुसाचे, कपिलधारचे सगळे एका रांगेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढू आणि ती हातात धरून चालू. जिथं रेघ आहे आणि वाट बंद आहे, तिथला फोटो तारखेसह ठेवू. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा ठरावीक मुदत असते, त्या दिवसांत हाच पुरावा कामाला येईल.

तुमच्या भागातली कोणती वाट गेल्या काही वर्षांत बंद झाली? गाव आणि जागा खाली लिहा. माणसांची नावं नकोत, वाटांची द्या. यादी मी करतो.