तिसऱ्या खंडाविना : मराठी विज्ञानकथेचा प्रसार आणि नागपूर

तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतील शेवटची कादंबरी प्रसिद्ध होताच विज्ञानकथालेखकाने शहरोशहरी फिरावे, ग्रंथदालनांत जमलेल्या वाचकांपुढे तिच्यातील उतारे वाचावेत आणि विकत घेतलेल्या प्रतींवर स्वाक्षऱ्या कराव्यात, ही रीत इंग्रजी ग्रंथव्यवहारात चांगलीच रुळलेली आहे; मराठीत मात्र ती विज्ञानकथेच्या वाट्याला फारशी आली नाही. विज्ञानकथा, म्हणजे ज्ञात विज्ञानाचा किंवा त्याच्या संभाव्य विस्ताराचा आधार घेऊन रचलेली कथा, मराठीत शतकाहून अधिक काळ लिहिली जात आहे. तरीही त्रयी, म्हणजे स्वतंत्रपणे वाचता येतील पण एकाच कथानकाने किंवा पात्रांनी बांधलेल्या तीन कृतींचा संच, हा तिचा रूढ आकार कधी झाला नाही. हा दोष लेखकांच्या कल्पनाशक्तीच्या माथी मारणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे, कारण साहित्यप्रकाराचा आकार बऱ्याच अंशी तो वाचकापर्यंत ज्या वाटेने पोचतो त्या वाटेवर ठरतो. ही वाट कशी आखली गेली हे पाहण्यासाठी नागपूर, आणि त्यातही इंग्रजी अंमलाची खूण अंगावर वागवणारा सदर हा भाग, सोयीचा आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाल्यानंतर नागपूरच्या राज्यकारभारावर ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटची, म्हणजे दरबारी नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीची, पकड बसली, आणि छावणी व रेसिडेन्सी यांच्या गरजा भागवणारी सदर बाजाराची वस्ती वाढत गेली. महाल ही भोसल्यांची जुनी नगरी पूर्वेला राहिली, तर पश्चिमेला सिव्हिल लाइन्स आणि तिला लागून सदर, असा शहराचा दुभंग झाला. ऑल सेंट्स कॅथेड्रल, बिशप कॉटन शाळा आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्सची शाळा ही एकोणिसाव्या शतकातील केंद्रे याच पट्ट्यात उभी राहिली. मराठी साहित्यव्यवहार मात्र सीताबर्डी आणि महाल यांच्या आधाराने वाढला. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये अमरावतीला झाली आणि पुढे त्याचे मुख्य कार्यालय नागपुरात सीताबर्डीला आले. इंग्रजी पुस्तके आणि मराठी पुस्तके यांचे वाचक एकाच शहरात, पण निराळ्या रस्त्यांवर वावरत होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विज्ञानकथेतील शेवटच्या खंडाचा सर्वांत जुना आणि सर्वांत शिकवणारा दाखला फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याचा आहे, आणि तो मध्य भारताशी अनपेक्षितपणे जोडलेला आहे. कॅप्टन ग्रांटच्या मुलांची कथा, समुद्राखालच्या प्रवासाची कथा आणि १८७५ मध्ये पूर्ण झालेली गूढ बेटाची कथा, या तीन कादंबऱ्या मिळून त्याची एक त्रयी होते. दुसऱ्या कादंबरीतील पाणबुडीचा कप्तान नेमो हा कोणत्या देशाचा, कोणत्या जातकुळीचा, हे तिथे गुलदस्त्यात ठेवले होते. नेमो हा रशियाविरुद्ध पेटून उठलेला पोलिश सरदार असावा, अशी व्हर्नची मूळ योजना होती. परंतु त्याचा प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल याने रशियातील विक्रीवर पाणी पडेल या भीतीने ती नाकारली. शेवटच्या खंडात खुलासा आला तो असा, की नेमो म्हणजे बुंदेलखंडातील राजपुत्र डक्कर, टिपूचा भाचा आणि १८५७च्या उठावात लढलेला वीर. पुस्तकाची विक्री हा प्रश्न नायकाच्या जन्मभूमीपर्यंत पोचला, असे म्हणावे लागते, आणि त्या व्यवहारातून नेमोच्या रूपाने जगाच्या विज्ञानकथेला एक हिंदी बंडखोर मिळाला. ज्या वर्षात हा काल्पनिक राजपुत्र लढला त्याच वर्षी, जून १८५७ मध्ये, सदरपासून दूर नसलेल्या टाकळीच्या छावणीतील घोडदळाचा कटही फसला होता. त्या फसलेल्या कटावर मराठीत कोणी वैज्ञानिक अद्भुतकथा रचली असती तर तिला बुंदेलखंडाच्या वाटेने पॅरिस गाठण्याची गरज पडली नसती. कालगणनेत मात्र व्हर्नची गफलत झाली होती: दोन कादंबऱ्यांतील वर्षांचा मेळ बसत नाही, आणि प्रकाशकाला तळटीप देऊन वाचकाची समजूत घालावी लागली.

व्हर्नची त्रयी शक्य झाली ती मुख्यतः हेत्झेलच्या नियतकालिकामुळे. १८६४ पासून निघणाऱ्या त्याच्या पाक्षिकात कादंबरी आधी हप्त्याहप्त्याने छापली जाई, मग ती लहान आकारात ग्रंथरूप घेई आणि शेवटी नववर्षाच्या भेटीसाठी मोठी सचित्र प्रत निघे. वाचक कथेत वर्षभर गुंतलेला राही, आणि पुस्तकाचा प्रचार पुस्तक निघण्याच्या आधीच झालेला असे. हीच युक्ती पुढे अमेरिकेत दिसते. आयझॅक असिमोव्हच्या फाउंडेशन मालिकेतील कथा १९४२ पासून एका विज्ञानकथा मासिकात येत राहिल्या आणि १९५१ ते १९५३ या काळात त्यांचे तीन ग्रंथ झाले. म्हणजे जगात ज्या त्रयीचे सर्वाधिक नाव झाले, ती मुळात त्रयी म्हणून आखलेलीच नव्हती, तर मासिकाच्या सततच्या मागणीतून तिचा आकार घडला होता.

मराठीत सुरुवात याच रीतीने झाली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीहून चालवलेल्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकात १९०० साली व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर प्रसिद्ध केले, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ सामान्यतः तिथे धरला जातो. चंद्रावर तोफगोळ्यातून माणसे पाठवणाऱ्या या कथेचे व्हर्नने पुढे आणखी दोन भाग लिहिले होते, म्हणजे हीदेखील त्रयीच होती. परंतु १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि मराठी कथेला वर्षातून एकदा भरणारी एक प्रचंड बाजारपेठ मिळाली. दिवाळी अंकाने मराठी वाचन टिकवले याबद्दल दुमत नसावे. पण त्याने कथेला एका बैठकीत संपण्याची सवय लावली, हेही मान्य केले पाहिजे. जो अंक एका सणाला निघतो आणि त्याच सणाला विकला जातो, त्यात पुढील वर्षी पुरी होणारी कथा छापणे संपादकाला परवडत नाही. अनंत अंतरकरांचा ‘नवल’ हा अंक अद्भुत आणि रहस्यकथांना मोकळे रान देत असे. पण तिथेही कथा स्वयंपूर्ण असणे अपेक्षित होते. ग्रंथालयांचा विचारही इथेच करावा लागतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची असते आणि तिचा मोठा हिस्सा सार्वजनिक वाचनालयांत जातो. पहिला आणि दुसरा खंड कपाटात नसलेल्या वाचनालयाला तिसरा खंड विकणे, हा प्रकाशकाच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार ठरतो.

दिवाळी अंकाच्या जोडीला स्पर्धा आली. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची वार्षिक स्पर्धा सुरू केली, आणि मराठीतील या प्रकाराच्या आधुनिक पर्वाचे बीज तिच्यातच आहे. परिषद या कथांसाठी ‘विज्ञानरंजन’ हा शब्द वापरते, आणि विज्ञानाचा प्रसार हे तिचे पहिले उद्दिष्ट असल्याने रंजन तिच्या दृष्टीने साधन होते. १९७४च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग उघड झाले की हे टोपणनाव खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांचे असून त्यात त्यांच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने गुंफली आहेत. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून संहितेची नक्कल पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातून करून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या कथालेखनाचा गौरवाने उल्लेख केला, आणि १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह काढला. एका संमेलनाध्यक्षांच्या भाषणातील काही वाक्यांनी या प्रकाराला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती आजच्या एखाद्या प्रचारदौऱ्याने मिळणे अवघडच आहे. पण ती प्रतिष्ठा कथेची होती, मालिकेची नव्हती.

नारळीकरांनी पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशा कादंबऱ्याही लिहिल्या, परंतु त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. त्यांचा वाचकांशी असलेला व्यवहारही ध्यानात घेण्यासारखा आहे. व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी मुलांनी गर्दी केली की ते स्वाक्षरी देण्याऐवजी पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली सही करून ते परत धाडत. स्वाक्षरी हे जगातील पुस्तकविक्रीचे जुने हत्यार. इथे तेच हत्यार पुस्तकाच्या नव्हे, तर प्रश्नाच्या कामी लावले गेले. मराठी विज्ञानकथालेखक व्यासपीठावर चढतो तो बहुधा विज्ञानाचा कैवारी म्हणून, स्वतःच्या ग्रंथाचा विक्रेता म्हणून नव्हे, ही परंपरा या सवयीत स्वच्छ दिसते. तिचे गुण मोठे असले तरी तिची एक किंमत आहे: कथेने विज्ञान समजावून द्यावे या अपेक्षेच्या ओझ्याखाली एकाच काल्पनिक जगात वर्षानुवर्षे रमण्याची, म्हणजे त्रयीला लागणारी, चैन लेखकाला परवडेनाशी होते.

नागपुरात विज्ञान आणि साहित्य या दोन परंपरा शेजारी नांदल्या आहेत, पण त्यांची गाठ क्वचितच पडली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० मध्ये काही काळ या शहरात काम केले होते, आणि १९९२ मध्ये उघडलेल्या विज्ञान केंद्राला त्यांचेच नाव दिले गेले. भारतीय विज्ञान काँग्रेस, म्हणजे देशभरातील शास्त्रज्ञांचे वार्षिक अधिवेशन, १९२० मध्ये प्रफुल्लचंद्र रे यांच्या अध्यक्षतेखाली इथे भरले. साहित्याच्या बाजूला पाहावे तर फेब्रुवारी २००७ मध्ये नागपुरात भरलेल्या ऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अरुण साधू होते. ते मूळचे परतवाड्याचे, आणि ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ या राजकीय कादंबऱ्यांमुळे सर्वत्र ओळखले गेले. त्यांनी ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरीही लिहिली होती, हे मात्र थोड्यांना आठवते. विज्ञान कादंबरी लिहिलेला लेखक विदर्भाच्या राजधानीत सर्वोच्च साहित्यपीठावर बसला, आणि तरीही त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या मनात राजकारणाचा कादंबरीकारच होता. प्रचाराची जी सोय हाताशी होती तिचा लाभ या साहित्यप्रकाराला मिळाला नाही.

नागपूरने खरोखर घडवलेली त्रयी विज्ञानकथेत नाही, ती रंगभूमीवर आहे. महेश एलकुंचवार हे नागपूरचे रहिवासी, आणि त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या तीन नाटकांत धरणगावच्या देशपांडे घराण्याच्या ऱ्हासाची कथा आहे. पहिले नाटक १९८५ मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग सादर केली, आणि प्रेक्षक एकाच दिवसात सुमारे नऊ तास बसून राहिले. शेवटचा भाग ‘युगान्त’ हा दुष्काळाने उजाड झालेल्या, पाण्यासाठी तडफडणाऱ्या भविष्यातील भूमीवर घडतो. त्यात यंत्रे नाहीत, अंतराळयाने नाहीत, म्हणून समीक्षक त्याला विज्ञानकथा म्हणत नाहीत; पण पर्यावरणाचा विनाश गृहीत धरून पुढचे मानवी जीवन कल्पिणे हीच विज्ञानकथेची एक प्रमुख रीत आहे, आणि त्या कसोटीवर हे नाटक तिच्या अगदी सीमेवर येते. तीन भागांचा पट इथे टिकला याचेही व्यावहारिक कारण आहे: पहिल्या नाटकाचे यश आधीच सिद्ध झाले होते, प्रेक्षकाला कपाटातील आधीचा खंड शोधावा लागत नव्हता, आणि नाट्यसंस्थेला नऊ तासांचा प्रयोग हाच सर्वांत मोठा प्रचार ठरला.

विज्ञान आणि साहित्य यांचे शेजारपण अलीकडेही दिसले: विज्ञान काँग्रेसचे पुढचे एक अधिवेशन ३ ते ७ जानेवारी २०२३ या दिवसांत नागपूर विद्यापीठात भरले, आणि अवघ्या महिन्याभरात, ३ ते ५ फेब्रुवारीला, विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीनिमित्त शहाण्णवावे साहित्य संमेलन वर्ध्याला झाले. त्याआधी डिसेंबर २०२१ मधील नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते, परंतु प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष तिथे जाता आले नाही. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.