वॉच मोड

स्रोत-फाइल सेव्ह होताच तिच्यावर अवलंबून असलेल्या वेबसाइटच्या ॲसेट-फाइली (सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, चित्रे) आपोआप नव्याने कंपाइल करणारी सोय. टर्मिनलमध्ये एकदा सुरू केला की थांबवेपर्यंत वॉच पहाऱ्यावर असतो.

ठाण्यातल्या खोपट एसटी स्थानकातून सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक दाखवणारे एक पान समजा. रंग एका सॅस-फाइलीत ठेवले आहेत. तिच्या नावाआधी अंडरस्कोअर असल्यामुळे सॅस तिची वेगळी सीएसएस करत नाही. लाल रंग जरा गडद करून ती सेव्ह केली, तर तिला वापरणाऱ्या फाइली पुन्हा कंपाइल व्हायला हव्यात. म्हणून बदल टिपणे हे अर्धेच काम आहे. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा वॉचजवळ असावा लागतो, आणि माझ्या मते साधनाची खरी पारख तिथेच होते.

हा नकाशा वॉचपेक्षा जुना आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. दुरुस्ती झाली होती, पण ती फाइल कंपाइल करायची राहिली होती. त्यांचा हा वैताग ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ लिहिले. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि स्रोत नवा असेल तेवढेच पुन्हा बांधते. मात्र ते सांगितल्याशिवाय चालत नाही. वॉचने ते सांगणेही काढून टाकले.

बदल कळण्याचे मार्ग दोन. पहिला, ठरावीक वेळाने प्रत्येक फाइल तपासत राहणे. हा कुठेही चालतो, पण प्रोसेसरला दमवतो. दुसरा, ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर्दी घेणे. लिनक्समध्ये २००५ साली २.६.१३ या कर्नेलबरोबर आलेले आयनोटिफाय हेच काम करते. त्याला प्रत्येक फोल्डरवर वेगळा पहारा लावावा लागतो आणि पहाऱ्यांना मर्यादा असते. जुन्या कर्नेलांत ती मुळात ८१९२ होती. ती संपली की डिस्कवर जागा उरली नसल्याचा संदेश येतो. जागा भरपूर असते, संपलेले असतात पहारे! नवशिके बिचारे फाइली पुसत बसतात. उपाय म्हणजे मर्यादा वाढवणे आणि नोड-मॉड्यूल्ससारखे अवाढव्य फोल्डर पहाऱ्यातून वगळणे.

एका सेव्हमागे अनेक वर्द्या येऊ शकतात, कारण काही एडिटर नवी फाइल लिहून तिला जुनीचे नाव देतात. म्हणून वॉच क्षणभर थांबून सगळ्या वर्द्या एकत्र करतो. वेबपॅक ५ मध्ये हा विराम मुळात २० मिलिसेकंदांचा आहे.

मराठी नावाच्या फाइलींची एक अडचण इथे नोंदवायलाच हवी. ‘फेऱ्या’ हे फाइलीचे नाव घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच सलग अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये पहिला तीन बाइटांचा आणि दुसरा सहा बाइटांचा. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे सुटी करून ठेवत असे. आपण कोडमध्ये सलग ऱ लिहिला असला तरी तिथे फाइल उघडते आणि पहिले कंपाइल सुरळीत होते. पुढे वर्दी येते ती सुट्या नावाने. साधन बाइट जुळवून पाहणारे असेल तर नकाशात ते नाव सापडत नाही, काहीच पुन्हा बांधले जात नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. वेळापत्रकात फेरी वाढवूनही पानावर जुनीच यादी दिसत राहते. लिनक्समध्ये तर ही दोन वेगळी नावे मानली जातात. ‘पायऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांचेही तसेच.

नावांची जुळणी करण्याआधी ती एनएफसी या सलग रूपात आणणे हा यावरचा नीट उपाय. मॅकवरच्या गिटमध्ये त्यासाठी ‘प्रीकंपोझ-युनिकोड’ ही सेटिंग आहे. जुन्या मॅकवर झिप केलेल्या फाइली लिनक्सवर उघडल्या, तर नावे सुटीच राहिलेली असू शकतात. ती एकदा बदलून घ्यावी लागतात.