उधारीचं लुगडं, पार्सलची कुर्ती

१८३९ मध्ये लंडनला फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली. टेलर निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. काही काळ त्याचा मुक्काम हिंगोलीच्या छावणीत होता. कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीतल्या एका व्यापाऱ्याची हकिगत दिली आहे, ती कादंबरीला मागे टाकेल अशी आहे. हरिसिंग हा तिथला अब्रूदार व्यापारी. खुद्द टेलरचीही त्याच्याशी देवघेव होती. एकदा हरिसिंगाने त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. परवाना मिळाला. कापड खरोखरच वाटेवर होतं, फक्त ते दुसऱ्याचं होतं. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता. हरिसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केलं, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने आपणहून कबुली दिली, तीही एखादी गंमत सांगावी तशी. तोवर कोणाला काडीचा संशय आला नव्हता.

ठगांच्या इतिहासात हा किस्सा ठरलेला असतो. कापडाच्या इतिहासातही त्याला जागा हवी. मुंबईचं कापड बैलांच्या पाठीवरून थेट हिंगोलीपर्यंत येत होतं, त्याच्यासाठी माणसं मारावीत इतकं ते मोलाचं होतं आणि गावात ते रोखीने घेणारं गिऱ्हाईक होतं, एवढ्या गोष्टी त्यातून कळतात. गिऱ्हाईक म्हणजे फौज. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची हिंगोली ही एक छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडेपर्यंत दरमहा पगार हातात पडणारी माणसं तिथे होती.

छावणीबाहेर रोकड दुर्मीळ. कयाधू नदीच्या काठच्या गावांत कपडा विकत घेण्यापेक्षा ‘मिळत’ असे. सालगड्याचा करार गुढीपाडव्याला व्हायचा. त्यात धान्य आणि थोडे पैसे यांच्याबरोबर धोतरजोडी, बंडी, वहाणा आणि घोंगडी यांचीही बोली असायची. अंगावरचा कपडा म्हणजे मजुरीचाच एक हिस्सा. घोंगडी धनगराच्या मागावरची. पावसात ती डोक्यावर खोळ, रात्री अंथरूण, बाजारात धान्याची मोट. मालकिणीचं लुगडं विटलं की ते कामावरच्या बाईकडे जायचं, तिथे फाटलं की त्याची गोधडी व्हायची, आणि गोधडीच्या चिंध्या चुलीशी. स्वस्त पेहराव म्हणायचा तो हाच, एका कापडाची चार आयुष्यं.

आणि याच हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० मध्ये नरसी-बामणीला झाला असं परंपरा मानते; पंढरपूरचा दावा करणारे अभ्यासकही आहेत. घराणं शिंप्याचं, वडील दामाशेटी, हे मात्र वादापलीकडचं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं असल्यामुळे पंजाबातून शीख भाविकही नरसीला येतात. नामदेवांची एक आख्यायिका कापडवाल्यांनी मुद्दाम आठवावी अशी आहे. वडिलांनी पोराला कापड घेऊन बाजाराला धाडलं. पोराने ते वाटेतल्या उघड्यावाघड्या धोंड्यांना पांघरलं, उधारीवर, आणि वसुलीची हमी म्हणून एक धोंडा जामीन धरून घरी आणला. तो पुढे सोन्याचा झाला. भक्तीचा अर्थ कीर्तनकार सांगतातच. पण ही गोष्ट ज्यांनी रचली आणि ज्यांनी ऐकली, त्यांना कापड उधारीवर जातं आणि उधारीला जामीन लागतो हे समजावून सांगावं लागलं नसणार.

गावगाड्याच्या काही जुन्या याद्यांत शिंपी अलुतेदारांत मोडतो, म्हणजे बारा बलुतेदारांच्या नंतरच्या फळीत. कारण सरळ आहे. धोतर, लुगडं, पटका, उपरणं यांना सुई लागतच नाही. शिंप्याचं काम बंडी, अंगरखा, चोळी आणि लेकराची कुंची एवढ्यापुरतं. त्याचा भाव वाढला तो शिवणयंत्र आल्यावर. आधी परदेशी सिंगर, मग १९३० च्या दशकात कोलकात्यात सुरू झालेली देशी उषा. शिंप्याच्या ओट्यावर पायमशीनची खडखड सुरू झाली आणि सदरा, लेंगा, परकर, झंपर हे रोजच्या वापरात आले.

त्या ओट्यावरचा हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. बाईमाणसाचं माप टेपने घेत नसत. जुनी चोळी मापाला द्यायची. पोरांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायचे. सदऱ्याच्या खालच्या पट्टीत दोन-तीन बोटं कापड दुमडून ठेवायचं, बगलेखाली शिलाईच्या आत पुरेसं मार्जिन सोडायचं. वर्षभराने उसवून सदरा लांब करायचा, आणखी वर्षाने तो धाकट्याला. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसायचा. साऱ्या वर्गाच्याच सदऱ्यांना तो असल्यावर कोण कोणाला हसणार? दिवाळीला घरचा कर्ता एकच तागा उचलून आणायचा आणि आजोबांच्या बंडीपासून नातवाच्या चड्डीपर्यंत सगळं त्यातच बसवायचा. पैसे कापूस विकल्यावर.

कापूस इथलाच, ही त्यातली गंमत. नांदेड-परभणीकडच्या गावरान कापसाच्या लांब धाग्याचं नाव होतं. नांदेडच्या तलम मलमलीचा उल्लेख जुन्या सरकारी गॅझेटियरांतही सापडतो. निजामाच्या काळात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. पण हिंगोलीच्या वाट्याला आलं ते सरकी काढणं आणि गाठी बांधणं. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली आणि जिल्ह्याचा व्यवहार तिच्या रुळांवर ठरून गेला: गाठी जाणार, तागे येणार. मांजरपाट, हरक, छीट, मालेगावची रंगीत लुगडी, गुलेदगुड्डचा खण, इलकल. खादीच्या चळवळीने या उलट्या गंगेला अडवायचा प्रयत्न केला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आजही नांदेडहून चालते आणि राष्ट्रध्वजाचं कापड तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. मान मोठा, पण रोजच्या वापरात खादी सामान्यांना परवडली नाही. ती पुढाऱ्यांना परवडली.

रेल्वेने एका समाजाचा धंदाही मोडला. धान्य, मीठ, माल बैलांच्या तांड्यांवरून देशभर वाहून नेणारे बंजारा जागोजाग स्थिरावले. जिल्ह्यात सेनगाव, औंढा, कळमनुरीकडे आजही तांडेच तांडे आहेत. बंजारा बाईचा पेहराव हा बाजारातल्या स्वस्त वस्तूंतून थाट कसा उभा करावा याचा धडाच आहे. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, पाठ उघडी असलेली काचळी, डोक्यावर ओढणी. कापड आठवडी बाजारातलं साधं सुती. पण त्यावर आरशाचे तुकडे, कवड्या, चलनातून गेलेली नाणी, रंगीत धाग्यांचे गोंडे. महिनोन्महिने हातशिलाई, आणि शिंप्याला एक पैसा नाही. केसांत घुगरी-टोपलीचे दागिने, दंडापर्यंत बलिया म्हणजे बांगड्या. या बलिया पूर्वी हस्तिदंताच्या असत, नंतर हाडाच्या आल्या, मग प्लॅस्टिकच्या. रूप तेच राहिलं, जिन्नस उतरत गेला. आता तरुण मुली साडी किंवा ड्रेस घालतात आणि तीजेला किंवा लग्नात तयार ‘बंजारा ड्रेस’ ऑनलाइन मागवतात. त्यातले आरसे प्लॅस्टिकचे असतात आणि चिकटवलेलेही.

स्वस्ताईचं खरं उलथापालथीचं वळण आलं ते मात्र नायलॉन-टेरिकॉटबरोबर. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडत होता. त्याच दशकात कृत्रिम धाग्याच्या साड्या खेड्यांत पोचल्या. सुती नऊवारी धुवायला पाणी खाते, वाळायला दिवस घेते. नायलॉनची सहावारी दोन तांब्यांत निघते आणि धुऊन झटकली की नेसायला तयार. पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या मुलखात हा हिशेब कोणाला शिकवावा लागला नाही. अंगाला चिकटते, उन्हात भाजते, ठिणगी पडली की भोक पडतं, या तक्रारी खऱ्याच होत्या. पण एका साडीत दोन वर्षं निघत होती. १९८२ च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग व सुरतचं कृत्रिम रेशीम यांना मोकळं रान मिळालं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सुती आणि कृत्रिम धाग्यांतला भेद सैल केला. तेव्हापासून हिंगोलीच्या दुकानात जे लटकतं, त्याचा उगम बहुतेक वेळा सुरतेत असतो.

सरकारने गरिबांच्या कापडात वेळोवेळी हात घातला. नियंत्रित भावाचं कापड झालं, जनता साडी-धोतर झालं. अलीकडे, राज्याच्या २०२३ च्या वस्त्रोद्योग धोरणानुसार, अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला एक साडी फुकट मिळते, तीही यंत्रमागाचीच.

कपड्याबरोबर दागिनाही उतरत आला. कासार किंवा मनियार दारावर बांगड्या भरून जायचा, तेव्हाही उधारी चालायचीच. बोरमाळ, एकदाणी, ठुशी हे सोन्याचे प्रकार ज्यांना जमत नसत, ते पितळेवर मुलामा दिलेले घेत. पुढे ‘बेन्टेक्स’ आलं आणि मूळ नाव कोणाचं हे विसरून सगळ्याच खोट्या दागिन्यांचं नाव झालं. त्यानंतर ‘एक ग्रॅम’वालं. सोन्याचा भाव जसा चढला, तशी लग्नात खरं मंगळसूत्र कपाटात आणि एक ग्रॅमवालं गळ्यात ही पद्धत सुखवस्तू घरांतही मुरली. गरिबांनी ज्यासाठी टोमणे खाल्ले, ते आता शहाणपणात जमा झालं आहे.

या सगळ्यात एक गोष्ट कायम राहिली, बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी जीप करून हिंगोली, वसमत नाहीतर नांदेडच्या कापडदुकानात. गादीवर बैठक, चहा, आणि शंभर साड्यांचा डोंगर. नवरीचा शालू दहा मिनिटांत ठरतो. खरा वेळ जातो तो आहेराच्या साड्यांत आणि टॉवेल-टोपीत. या साड्या नेसण्यासाठी नसतात, फिरण्यासाठी असतात. एका लग्नात मिळालेली दुसऱ्या लग्नात दिली जाते, घडी मोडायची नाही एवढाच नियम. उधारी इथेही असते: हळद विकल्यावर, सोयाबीन निघाल्यावर. दुकानदाराला गिऱ्हाइकाची जमीन किती, पाऊस कसा झाला आणि मागचं येणं किती, तिन्ही ठाऊक असतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. तांड्यातल्या हातातही डेटा आला. त्याआधी फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय सुरू केली होती. बँकेच्या कार्डाशी संबंध नसलेल्या माणसाला ऑनलाइन बाजार उघडला तो या सोयीने. बंगळुरूत २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने तर बायकांनाच व्हॉट्सअ‍ॅपवरून विकायला लावलं. सुरतच्या साडीचे फोटो मैत्रिणींच्या गटात टाकायचे, ऑर्डर घ्यायची, वर थोडे पैसे लावायचे. दोन-तीनशे रुपयांत कुर्ती, शंभराच्या आत कानातले, जुळणारी क्लिप, सँडल, सगळं हिंगोलीच्या ४३१५१३ या पिनकोडवर येऊन पडतं.

यात बाईचा फायदा उघड आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. कर्त्याने आणलेल्या ताग्यातून आपला वाटा घेणारी बाई आता दुपारी स्वयंपाक आटोपून स्वतः रंग निवडते. दुकानातल्या गादीवर सासूसमोर बोट दाखवायची सोय नसते, फोनवर असते. नको असेल तर परत. उधारी मात्र गेली. पार्सलवाला सोयाबीन निघेपर्यंत थांबत नाही. आणि अंगाला बसेल की नाही हा प्रश्न एस, एम, एलवर सोपवलेला असतो.

तिथे पुन्हा शिंपी येतो. आता तो बहुधा शिंपीण आहे: घराच्या पुढच्या खोलीत मशीन, बाहेर ‘येथे फॉल-पिको, अल्टर करून मिळेल’ अशी पाटी. ऑनलाइन आलेली कुर्ती दंडात दाटते, म्हणून शिंपीण ती आतून उसवायला जाते, तर शिलाईपुढे कापडच नसतं. ओव्हरलॉक मशीनने काठाला धरून टाका मारलेला असतो. स्वस्ताई नेमकी तिथेच कापली गेलेली असते. मग बगलेत वेगळ्या कापडाची कळी घालावी लागते, ओढणीचा कोपरा कामी येतो. साडीचं तर आणखी चमत्कारिक. अडीचशेची साडी आली की बरोबरचा ब्लाऊजपीस शिवायला टाकायचा, आणि अस्तर, पायपिंग, पाठीमागची दोरी-लटकन धरून शिलाई साडीच्या वर जाते. बायका घासाघीस करतात, शिंपीणही ठरल्यासारखी हसून सांगते की साडी परत करता येते, शिलाई नाही. मापाला मात्र अजून जुना ब्लाऊजच दिला जातो.