गो-गो : फ्रेंच मौजेपासून वॉशिंग्टनच्या ठेक्यापर्यंत

फ्रेंचमध्ये ‘आ गोगो’ म्हणजे हवं तेवढं, मुबलक. जुन्या फ्रेंचमधल्या ‘गोग’ या शब्दाशी, म्हणजे मौजमजेशी, त्याचं नातं सांगतात. ‘व्हिस्की गॅलोर’ या १९४९च्या ब्रिटिश चित्रपटाचं फ्रेंच नाव ‘व्हिस्की आ गोगो’. पॅरिसमध्ये याच नावाचा नाइट क्लबही होता. १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये त्या नावाचा क्लब निघाला आणि शब्द अमेरिकेत रुजला. इंग्रजी कानांना त्यात ‘गो’ हे क्रियापद ऐकू आलं. पुढच्याच वर्षी स्मोकी रॉबिन्सनच्या ‘मिरॅकल्स’चं ‘गोइंग टू अ गो-गो’ हे गाणं गाजलं. त्यात गो-गो हे जाण्याचं ठिकाण आहे, संगीताचा प्रकार नव्हे.

ठिकाणाचं नाव संगीताला मिळालं ते वॉशिंग्टनमध्ये, चक ब्राउनमुळे.

ब्राउनचा जन्म १९३६चा, नॉर्थ कॅरोलायनातला. वाढला वॉशिंग्टनमध्ये, गरिबीत. तरुणपणी लॉर्टनच्या तुरुंगात गेला. तिथे सिगारेटची पाच कार्टन देऊन त्याने एका कैद्याकडून गिटार घेतली. सुटल्यावर ‘लॉस लॅटिनोस’ या बँडमध्ये वाजवताना कोंगा आणि काउबेल त्याच्या कानात बसले. १९६६मध्ये त्याने स्वतःचा ‘सोल सर्चर्स’ काढला.

सत्तरच्या दशकात डिस्कोचे डीजे एका तबकडीतून दुसरीत न थांबता जात. बँडचं मात्र गाणं संपलं की लोक नाच सोडून खुर्च्यांकडे वळत. ब्राउनने ही फटच बुजवली. गाणं संपलं, गिटार आणि ब्रास थांबले, तरी ड्रम, कोंगा आणि काउबेल चालूच. त्या ठेक्यावर ब्राउन माइक घेऊन लोकांना हाक देई, लोक ओरडून उत्तर देत, आणि त्या गलक्यातूनच पुढचं गाणं उचललं जाई. तो संथ, झोके घेणारा ठेका सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या ‘मिस्टर मॅजिक’मधला, ब्राउन म्हणे, हा तर मी लहानपणी चर्चमध्ये ऐकलेला. वाजवणारे त्याला ‘पॉकेट’ म्हणतात. लोकांशी बोलत कार्यक्रम पुढे नेणाऱ्याला पुढे ‘लीड टॉकर’ हे नाव पडलं. फंकमधून निघालेल्या या शैलीची खरी ओळख मला गाण्यांपेक्षा दोन गाण्यांमधल्या या जागेत दिसते.

गो-गो नाव का, असं विचारल्यावर ब्राउनचं उत्तर ठरलेलं असे : हे संगीत थांबत नाही, चालतच राहतं. भाषाशास्त्राच्या हिशेबाने ही लोकव्युत्पत्ती. पण इथे ती मोडीत काढणं चूक ठरेल. फ्रेंच ‘मुबलक’शी वॉशिंग्टनच्या नाचणाऱ्यांना काही देणंघेणं नव्हतं, ब्राउनने मात्र रात्रीमागून रात्री वाजवून शब्दाला हा अर्थ दिला. आपल्याकडेही ‘मैफल’ मुळात जमण्याची जागा. आज आपण मैफल ऐकतो.

त्याचं ‘बस्टिन लूज’ १९७९मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी यादीत चार आठवडे पहिलं होतं. त्याआधीच्या ‘अ‍ॅशलीज रोचक्लिप’मधला ड्रमचा तुकडा हिप-हॉपवाल्यांनी कितीदा उचलला! तरी गो-गो शहराबाहेर फारसं पसरलं नाही. मला त्याचं कारण स्पष्ट वाटतं : हाकेला उत्तर देणारी माणसं तबकडीत भरता येत नाहीत. ‘गो-गो स्विंग’मध्ये ब्राउनने वॉशिंग्टनच्याच ड्यूक एलिंग्टनची रचना या ठेक्यावर बसवली. ती समोरच्या लोकांच्या आवाजासकट ऐकावी, तेव्हा ही गोष्ट कळते.

ब्राउन २०१२मध्ये गेला. २०१९मध्ये वॉशिंग्टनच्या शॉ भागातल्या एका फोनच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षं वाजणारं गो-गो तक्रारीमुळे बंद झालं, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि स्पीकर पुन्हा सुरू झाला. २०२०मध्ये कायद्याने गो-गो वॉशिंग्टनचं अधिकृत संगीत ठरलं. शहरातले लोक मात्र आजही ‘गो-गोला जातोय’ असंच म्हणतात. जागा आणि संगीत दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजी कोशांनी ‘गो-गो’च्या नोंदीत क्लबमधल्या ‘गो-गो’ नर्तकींच्या अर्थाआधी हा अर्थ द्यायला हवा.