एअर इंडिया विकली, सोबत काय काय गेले?

एअर इंडिया आरक्षणामुळे आणि सरकारी नोकरांमुळे बुडाली, असे आपल्या तरुणांना सर्रास ऐकवले जाते. म्हणून आधी इतिहास पाहू.

१९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराची-मुंबई टपाल विमानाने सुरुवात केली. १९५३ मध्ये कायदा करून सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. परदेशासाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत इंडियन एअरलाइन्स, अशी दोन महामंडळे झाली. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, हा आग्रह बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये धरला होता. तो घटनेत उतरला नाही, पण सार्वजनिक क्षेत्र उभे राहिले. तिथे अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना ७.५ टक्के जागा मिळाल्या. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्यांची पोरे विमानतळावर कामाला लागली.

मग तोटा कोणी केला? २००५-०६ मध्ये दोन्ही कंपन्यांसाठी १११ विमाने मागवली गेली, तीही जवळजवळ सगळी कर्जावर. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. आखाती कंपन्यांना भारतातून प्रवासी नेण्याची मुभा वाढवत नेली. २०११ च्या अहवालात कॅगने या कर्जाच्या खरेदीवर आणि या मुभेवर बोट ठेवले. सरकारी कारभार निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. पण हे निर्णय मंत्रालयात आणि संचालक मंडळात झाले. सामान भरणाऱ्या लोडरने किंवा आरक्षणातून लागलेल्या कारकुनाने विमाने मागवली नव्हती.

आता विक्रीचा हिशोब. ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज होते ६१,५६२ कोटी. टाटांची बोली १८,००० कोटींची. त्यात रोख २,७०० कोटी, बाकी १५,३०० कोटींचे कर्ज त्यांनी अंगावर घेतले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारी कंपनीच्या माथी, म्हणजे जनतेच्या माथी राहिले. २७ जानेवारी २०२२ ला, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, कंपनी टाटांकडे गेली. कर्ज आपले आणि विमाने त्यांची!

हक्कांचेही तेच झाले. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीला काढण्याचा नियम रद्द केला. एअर इंडिया घटनेच्या कलम १२ प्रमाणे 'राज्य' होती, म्हणून समतेचा हक्क तिला बांधील होता. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, खासगी झालेल्या एअर इंडियाविरुद्ध पगार-बढतीसाठी रिट याचिका चालणार नाही. याचिका दाखल झाल्या तेव्हा कंपनी सरकारी होती. निकालाआधी मालक बदलला आणि घटनेचा दरवाजा बंद झाला.

आज देशांतर्गत दहापैकी सुमारे नऊ प्रवासी इंडिगो आणि एअर इंडिया या दोनच समूहांकडे आहेत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. भरती होणारच आहे, पण आरक्षणाचे बंधन नाही. आपल्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर याच कंपन्यांची विमाने उतरतात. नागसेनवनात शिकलेल्या मुला-मुलींना तिथे हक्काची जागा कुठली?

म्हणून मित्रांनो, केवळ 'खासगीकरण मुर्दाबाद' म्हणून भागणार नाही. जी कंपनी जनतेच्या पैशाने उभी राहिली आणि जिचे कर्ज जनता फेडते, तिथे आरक्षण कायद्याने लागू झालेच पाहिजे. पुढची सरकारी कंपनी विकायला निघण्याआधी ही मागणी रस्त्यावर आणि विधिमंडळात पोहोचली पाहिजे.

जय भीम!