बंब, धूर आणि आपली न्हाणीघरं

गौलीगुडा म्हटलं की बाहेरच्यांना बस अड्डा आठवतो. निजाम सरकारने १९३२ साली २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली. अड्ड्याचं ते मोठं हँगर २०१८च्या जुलैत कोसळलं. १९०७ची विवेकवर्धिनी शाळा आणि राममंदिरही पुष्कळांना आठवतं. पण इथल्या जुन्या मराठी घरांतल्या कुणालाही विचारा, थंडीतली पहाट म्हणजे बंबाचा धूर!

बंब हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, म्हणजे पंप. म्हणून आग विझवणाराही बंब आणि पाणी तापवणाराही बंबच. आमचे उर्दू बोलणारे शेजारी त्याला हमाम म्हणायचे.

तांब्याचं पिंप, मधोमध उभी नळी, खाली जाळी, त्याखाली राख पडायला जागा. नळीत करवंट्या, ढलप्या टाकायच्या. गरम हवा वर चढली की खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते, नि चहूबाजूंचं पाणी तापतं. साधं यंत्र, पण बसवायचे नियम पक्के. आमच्या आजोबांनी बेगम बाजारातून बंब आणला तेव्हा आजीने ते ठरवून टाकले होते. बंब फरशीवरच, लाकडी सामानापासून लांब. आधी पाणी, मग विस्तव. कारण रिकामा बंब तापला की सांध्याचा डाख वितळतो. झाकण घट्ट दाबायचं नाही, वाफेला वाट हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंब न्हाणीघराबाहेर, अंगणात. गरम पाणी बादलीने आत न्यायचं.

हा शेवटचा नियम आमच्या वाड्यात सगळ्यांना पटत नव्हता. ‘पहाटे कुडकुडत कोण बादल्या वाहील?’ असं म्हणत एका बिऱ्हाडाने बंब आत घेतला. धूर नको म्हणून लाकडाऐवजी कोळसा, वारा नको म्हणून झरोक्यात गोणपाट. एका डिसेंबरात त्यांची सून न्हायला गेली ती बाहेरच येईना. आजीने हाका मारल्या, उत्तर नाही. दोघातिघांनी खांदे लावून कडी तोडली. सूनबाई भिंतीला टेकून बेशुद्ध होत्या. ओसरीवर मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात नेलं, वाचल्या. दुसऱ्याच दिवशी बंब अंगणात आला.

तेव्हा लोक म्हणाले, ‘कोळशाची वाफ लागली.’ ती वाफ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. जळायला हवा कमी पडली की हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. मग हातापायातलं बळ जातं, कडीपर्यंत हात पोचत नाही. लाकडाचा धूर निदान डोळे चोळायला लावून माणसाला बाहेर काढतो. निखारा गुपचूप काम करतो.

हे सगळं आज का सांगतेय? वाडे गेले, फ्लॅट आले, बंब शोभेला दिवाणखान्यात बसला. न्हाणीघरात गॅसचा गीझर आला. त्याचा इतिहासही गमतीचा आहे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन याने गॅसवर पाणी तापवायचं यंत्र केलं आणि आइसलँडच्या उष्ण झऱ्यावरून त्याला गीझर नाव दिलं. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर न्यायची नळीच नव्हती! दीडशे वर्षं उलटली, तरी बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतातच.

म्हणून मंडळी, आजीचाच नियम थोडा बदलून सांगते. गॅसचा गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवा. आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्या. जळका वायू नळीने थेट बाहेर सोडा. थंडी वाजली तरी झरोका बुजवू नका. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. डोकं जड झालं तर आधी बाहेर या, मग विचार करा. आणि घरातलं कुणी नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिलं तर संकोच न करता दार ठोठवा.

तुमच्या घरी बंब कुठे असायचा? जरूर लिहा.